नवऱ्याला स्पॉन्सर करायचंय, मग मी आधी एकटीने कॅनडाला जाऊ का?

हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये आता नेहमीचा झालाय. दोघांपैकी एक जण कॅनडाचा सिटिझन, लग्न इथल्या मुलाशी नाहीतर मुलीशी झालेलं, चार-पाच वर्षं इथे संसार झाला आणि आता परत जायचंय. मग कुणीतरी सांगतं की आधी तू एकटी जा, तिकडे नोकरी धर, घर बघ, त्याशिवाय नवऱ्याला तिकडे कायमचं बोलावून घ्यायची, म्हणजे स्पॉन्सर करायची, फाईल घेतच नाहीत. ह्या ऐकीव माहितीवर लोक एकतर वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत किंवा घाईघाईत वेगळे राहायला लागतात, आणि वेगळं राहण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला नसेल तर त्याचे ओरखडे पुढे बरेच दिवस राहतात.

एका जोडप्याचं सांगते. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला वाढलेली, नोकरीनिमित्त पुण्यात आली आणि इथेच लग्न झालं. तो सिव्हिल इंजिनिअर, एकुलता एक, आई नाशिकला. तिच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं तसा तिचा जीव सगळा तिकडे लागला. पहिल्याच भेटीत ती घडाघडा बोलत होती, तिकीट कधीचं काढू, पगार किती दाखवावा लागेल, वर्षभर लांब राहून नातं टिकतं का वगैरे, आणि तो शेजारी बसून मोबाईल उलटसुलट करत होता. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मी पुढे गेले तर हा मागून येईल ना हो?" तो काहीच बोलला नाही.

आता आधी नियमांचं बोलू, कारण अर्धी भीती तिथेच कमी होते. कॅनडाचा सिटिझन परदेशात राहत असतानाही नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर करू शकतो. फक्त जोडीदाराला पीआर (कॅनडात कायमचं राहायची परवानगी) मिळेल तेव्हा आपण कॅनडात राहायला जाणार आहोत हे पटवून द्यावं लागतं. त्यासाठी तिकडच्या नोकरीचं पत्र, कॉलेजचं अॅडमिशन, भाड्याच्या घराचा करार, इथली नोकरी किंवा घर सोडल्याचे कागद, असं जे खरोखर असेल ते लावायचं. ही सोय फक्त सिटिझनला आहे बरं का, नुसता पीआर असलेला माणूस कॅनडाबाहेर राहून स्पॉन्सर करू शकत नाही आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. उत्पन्नाचं म्हणाल तर एकट्या जोडीदारासाठी किमान पगाराची अट सहसा नसते. ती अट आईवडिलांना बोलावताना असते आणि लोक दोन्ही नियम एकत्र करून घाबरून बसतात. म्हणजे "आधी जाऊन नोकरी धर" हे हिच्या बाबतीत सक्तीचं नव्हतंच. फाईल पुण्यातूनच टाकता येणार होती, दोघं एका घरात राहत असताना.

हे कळल्यावर तिचा चेहरा एकदम खुलला. त्याचा नाही. मी तिथे थांबले, कारण वेगळं राहायची भीती हीच अडचण असती तर तोही सुटल्यासारखा दिसला असता.

पुढच्या वेळी मी त्यांना फॉर्म घेऊनच या म्हटलं. मी वकील नाही आणि फाईल भरून देणं माझं काम नाही, पण नात्याच्या माहितीचा जो फॉर्म असतो तो जोडप्याने शेजारी बसून वाचावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्यांदा कुठे भेटलात, ओळख कुणी करून दिली, लग्नाचं कसं ठरलं, लग्नाला कोण कोण होतं, हे सगळं विचारतात. दोघं ते आठवून आठवून लिहीत होते, मध्येच हसत होते, पावसात स्कूटर बंद पडली तो दिवस कुठला ह्यावर छान भांडण पण झालं. मग दुसऱ्या एका फॉर्ममध्ये प्रश्न आला की पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेलाय का. ती सरळ "नाही" लिहायला गेली आणि तो म्हणाला, "थांब."

तेविसाव्या वर्षी त्याने कॅनडाचाच स्टुडंट व्हिसा टाकला होता. रिजेक्ट झाला. घरी आईने दागिने मोडायची तयारी केली होती, मित्र सगळे गेले आणि हा राहिला. हे त्याने बायकोला लग्नानंतर कधीच सांगितलं नव्हतं. वर एका एजंटने गुपचूप सल्ला दिला होता, की जुनं आहे, लिहूच नका.

त्यावर मी दोन गोष्टी बोलले. पहिली कागदाची. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती लपवणं हे मिसरिप्रेझेंटेशन धरलं जातं आणि त्याने ५ वर्षं प्रवेशबंदी येऊ शकते. जुना रिजेक्ट व्हिसा खरा खरा लिहिला म्हणून जोडीदाराची फाईल आपोआप पडत नाही, लपवला तर मात्र चांगली चाललेली फाईल पडू शकते. एजंट कुणीही असो, सही आपली असते. सल्ला घ्यायचाच तर तिकडच्या कन्सल्टंट लोकांचं अधिकृत कॉलेज आहे, त्याच्या यादीत नाव असलेला माणूस किंवा तिकडचा वकील बघावा.

दुसरी गोष्ट त्याच्याशी. मी विचारलं, "तेव्हा तुमच्या नावावर नाही मिळालं आणि आता बायकोच्या नावावर जायचं, हे सलतंय का?" बराच वेळ गेला. मग तो बोलायला लागला तो थांबेना. तीन वर्षांची हमी असते तो कागद त्याने रात्री एकट्याने वाचला होता. त्यात असं असतं की पीआर मिळाल्या दिवसापासून ३ वर्षं जोडीदाराच्या मूलभूत गरजांची जबाबदारी स्पॉन्सरची, मधल्या काळात त्याने सरकारी मदत घेतली तर ते पैसे स्पॉन्सरकडून वसूल होतात आणि घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. "म्हणजे ती माझी जामीनदार," तो म्हणाला, "आणि मी तिच्या बापाच्या घरात बेकार जावई." ती अवाक झाली. तिला वाटत होतं अडचण सासूबाईंची आहे, म्हणून ती इतके दिवस नाशिकचा विषयच टाळत होती.

स्पॉन्सर करणारा माणूस आपल्या घरी परतत असतो, त्याला त्या घाईत जोडीदाराचं घर सुटतंय हे दिसत नाही. जोडीदार "चालेल" म्हणतो, आणि त्या "चालेल"ला होकार समजून फाईल टाकली जाते. मी आता प्रत्येक जोडप्यात तिकडे नव्याने जाणाऱ्या जोडीदाराला एकट्याला विचारते की तिकडे पहिल्या सोमवारी सकाळी उठून तुम्ही काय करणार. उत्तर नसेल तर आधी ते शोधायचं, फॉर्म नंतर.

ह्याने ते शोधलं. ओंटारिओ प्रांतात, म्हणजे ब्रॅम्प्टन जिथे आहे तिथे, इंजिनिअरचं लायसन्स मिळवायला पूर्वी कॅनडातलाच अनुभव लागायचा, ती अट मे २०२३ मध्ये काढून टाकली, हे त्याला माहीतच नव्हतं. परीक्षा आणि कामाच्या अनुभवाची कागदपत्रं लागतात, पण ती तयारी पुण्यात बसून सुरू करता येते आणि त्याने केली. आईला त्याने स्वतः जाऊन सांगितलं, बायकोला पुढे केलं नाही. आई रडली, दोन दिवस नीट बोलली नाही, मग विचारलं की मला तिकडे थंडीत जमेल का.

ठरलं असं की फाईल इथूनच, जुना व्हिसा लिहून. ती वडिलांसाठी मध्ये जाऊन आली, पण परतीचं तिकीट काढूनच, आणि जायची-यायची तारीख दोघांनी मिळून धरली. त्याने सोबत व्हिजिटर व्हिसा टाकावा का असंही विचारलं. पीआरची फाईल चालू असताना तो मागता येतो, कायद्यात तशी सोय आहे, पण मुदत संपल्यावर तुम्ही परत याल हे ऑफिसरला पटावं लागतं, त्यामुळे नोकरीची रजा, परतीचं कारण सगळं नीट दाखवायचं. त्याने नाही टाकला, पुन्हा नकार झेलायची तयारी नव्हती म्हणाला, आणि तिने एकदाही आग्रह केला नाही.

फाईलला साधारण वर्षभर धरून चाला असं मी सगळ्यांना सांगते. ह्यांचा पीआर आला, आता दोघं तिकडे आहेत, तिच्या माहेरी नाही तर जवळच भाड्याने. मधूनमधून मला ऑनलाइन भेटतात. सध्याचा विषय पैशांचा आहे, त्याला नोकरी लागेपर्यंत खर्चाला प्रत्येक वेळी तिच्याकडे मागावं लागू नये म्हणून जॉइंट खातं काढलंय आणि महिन्याचा हिशोब दोघं एकत्र बसून करतात. ज्यांची फाईल चालू आहे त्यांनी हे खात्याचं तिकडे पोचायच्या आधीच ठरवून टाका, विमानातून उतरल्यावर नाही.