यंदाचा भारी अल्बम कुठला? जुन्या कॅसेटवाल्याचं उत्तर

भावा, आधी तुमच्या भांडणातली गाठ सोडवूया. तू विचारलंयस की 2024 चे सगळ्यात भारी अल्बम कुठले, मित्र म्हणतोय गुलाबी साडीपुढं सगळं फिकं, तू चार्ली एक्ससीएक्स या गायिकेच्या ब्रॅट अल्बमवर अडून बसलायस, आणि पिक्चरचे अल्बम धरायचे का नाही यावरनं तुमचा चहा गार झालाय. आता गुलाबी साडी हे एक सुट्टं गाणं. संजू राठोडचं ते गाणं यंदा हळदीत वाजलं, वरातीत वाजलं, गणपतीत वाजलं, शेजारची तीन वर्षांची पोरगी त्यावर नाचते, नावं ठेवायचं कारणच नाही. पण तो अल्बम नव्हे. ब्रॅट म्हणजे 15 गाणी, 41 मिनिटं. एकजण तांबड्या रश्शाबद्दल बोलालाय आणि दुसरा अख्ख्या ताटाबद्दल, मग जुळणार कसं.

मी नव्वदच्या दशकात कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात कॅसेटी भरून द्यायच्या दुकानात होतो (बेकायदेशीर होतं, माहितीय, पण तेव्हा गल्लोगल्ली चालायचं). गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाणी लिहून आणायचं, आम्ही साठची नाहीतर नव्वदची भरून द्यायचो. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, शेवटचं गाणं मधेच तुटू नये म्हणून मागंपुढं करायला लागायचं, आणि ते करताकरताच कळत गेलं की कुठल्या गाण्यामागं कुठलं ठेवलं की दोन्ही उठतात आणि कुठलं ठेवलं की दोन्ही बसतात. अख्खा अल्बम जसाच्या तसा भरून द्या म्हणणारी माणसं सहा वर्षांत बोटावर मोजण्याएवढी भेटली. त्यामुळं हल्लीची पोरं अल्बम ऐकत नाहीत हे रडगाणं माझ्यापुढं लावू नका, तेव्हापण कोण ऐकत नव्हतं.

दुसरी गाठ म्हणजे 'यंदा' कशाला म्हणायचं. ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारवाल्यांचं यावेळचं वर्ष 16 सप्टेंबर 2023 ला सुरू होऊन 30 ऑगस्ट 2024 ला संपलं. म्हणून चॅपल रोन या गायिकेचा सप्टेंबर 2023 मधला अल्बम त्यांच्या यादीत आहे, आंद्रे 3000 चा नोव्हेंबर 2023 चा तो 87 मिनिटांचा बासरीचा अल्बमपण आहे (रॅपर माणूस, एक शब्द रॅप नाही, मला आवडला, घरच्यांना झोप लागली), आणि रॅपर केंड्रिक लामारचा 22 नोव्हेंबर 2024 ला न सांगता आलेला जीएनएक्स नाही. तुम्ही दोघं सरळ जानेवारी ते डिसेंबर धरा, निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

आता आकडे. कुणाचा अल्बम किती चालला यावरनं भारी ठरवणार असाल तर हे बघा. 2024 मध्ये अमेरिकेतल्या चार्टवर पैसे भरून ऐकणाऱ्यांची 1250 स्ट्रीम (म्हणजे नेटवर एकेक गाणं वाजणं) झाली की एक अल्बम खपला असं धरायचे. म्हणजे दहा गाण्यांचा अल्बम 125 वेळा पूर्ण वाजला तर एक मोजला जायचा, आणि 31 गाण्यांचा फक्त चाळीसएक वेळा. टेलर स्विफ्टनं एप्रिलमध्ये मध्यरात्री 16 गाणी सोडली आणि दोन तासांनी आणखी 15, कशासाठी ते तूच ठरव. वर स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात, त्यामुळं सुरुवातीची धून कापून थेट हुकवर (गाण्यातली डोक्यात बसणारी ओळ) उडी मारायची सवय सगळ्यांना लागलीय. टेलरबाई लिहितात चांगलं, त्यात वाद नाही, पण ती 31 गाणी मी एकदाच सलग ऐकली, दोन तास लागले, आणि मधल्या दहाबारांची आता नावंपण आठवत नाहीत.

माझं मोजमाप साधं आहे. कामासाठी महिन्यातनं दोनदा पुण्याला जावं लागतं, गाडीत एकटाच असतो, हायवेचं सहापदरीचं काम चाललंय त्यामुळं वेळेला काही कमी नाही. कोल्हापूर सोडलं की अल्बम लावायचा, गाणं पुढं ढकलायचं नाही, फोन आला तर घ्यायचा नाही. असं तीनदा. पहिल्यांदा सगळेच बरे वाटतात, दुसऱ्यांदा भरतीची गाणी कुठली ते कळतं, आणि तिसऱ्यांदा लावायला हातच गेला नाही तर विषय संपला.

त्यात यंदा माझ्याकडं पहिला नंबर बिली आयलिशच्या हिट मी हार्ड अँड सॉफ्टचा. दहाच गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ खलास. तिनं आधी एकपण गाणं सुट्टं सोडलं नव्हतं, सगळं एकदम ऐका म्हणाली, आणि ऐकताना ते का हे कळतं. एक गाणं संथ चालत असतं आणि अर्ध्यात येऊन एकदम नाचाच्या ठेक्यावर पलटी मारतं, आपल्याला वाटतं दुसरं गाणं लागलं, पण तेच असतं. शेवटचं तर दोन गाणी सांधून केलंय. हे सांधे आम्ही साठच्या कॅसेटीत करायला बघायचो आणि टक्क आवाज यायचा.

दुसरा बियॉन्सेचा काउबॉय कार्टर. 27 ट्रॅक, 78 मिनिटं, कोल्हापुरात लावला की कराड येतं. जुन्या रेडिओ स्टेशनसारखा बांधलाय, मधेमधे जुना कंट्री गायक विली नेल्सन निवेदक म्हणून येतो. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातलं गोऱ्यांचं संगीत असा समज, तिथं ही बाई बँजो घेऊन घुसली, आणि बँजोचं मूळच आफ्रिकेतलं. (आपल्या बँजो पार्टीतला नव्हे हां, तो बुलबुलतरंगाच्या घरातला.) शेवटची वीस मिनिटं कापली असती तर पहिला नंबर दिला असता. तुझा ब्रॅट तिसरा. रागावू नकोस, रात्री मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखं काही नाही, पण सकाळी आठला किणी टोलवर मला तो सोसत नाही.

पिक्चरचे अल्बम धरायचे, पण वेगळ्या रकान्यात. तिथं गाणं कुठं येणार ते पटकथा ठरवते, त्याला बाकीच्यांसारखं मापून कसं चालेल. त्या रकान्यात यंदा चमकीला, रहमानचा. अलका याज्ञिकचा आवाज इतक्या वर्षांनी अशा खट्याळ गाण्यात ऐकून मी गाडी बाजूला घेतली होती. मराठीत फुलवंतीमधलं अविनाश-विश्वजीतचं काम बरं आहे. पण पिक्चर सोडून नव्या मराठी अल्बमाचं विचारशील तर मी गप्प बसेन. एकेक गाणं यूट्यूबवर सोडायचं आणि चाललं तर पुढचं करायचं, असा धंदा झालाय. करणाऱ्यांनापण दोष देत नाही, पोट आहे.

आणि यादीवरनं भांडताना एवढं टोकाला जाऊ नका रे. 1977 मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानावर जगभरातलं संगीत भरून पाठवलं ना, 27 तुकडे, साधारण 90 मिनिटं. म्हणजे ती निवड करणाऱ्यांचा म्होरक्या, शास्त्रज्ञ कार्ल सेगननं नव्वदची कॅसेटच भरली म्हणायची. त्यात हिंदुस्थानातनं एकच जागा, केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ, म्हणजे आपल्या शाहू महाराजांचे दरबारगवई. यान गेलं आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. त्या यादीवर आजपण लोक वाद घालतात की हे का आणि ते का नाही, तर तुम्ही दोघं कोण मोठे लागून गेलात.

राहिला जीएनएक्स. बारा गाणी, 44 मिनिटं, दोनदा ऐकून झालाय, आणि दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा जास्त आवडला, हे यंदा बाकी कुणाच्या बाबतीत झालं नाही. शनिवारी निपाणीला एक लग्न आहे, जाताना तिसऱ्यांदा लावतो. ब्रॅटची जागा जाणार असं आत्ता तरी दिसालंय, मित्राला आधीच सांगू नकोस.