वार पाळता? मग प्रोटीनचं असं बघ

घरी सोमवार-गुरुवार-शनिवार पाळतात, त्यात चतुर्थी आणि आख्खा श्रावण, मग प्रोटीन मिळणार कुठून, असं विचारलंयस. खरी अडचण वारांची नाहीच, रविवारची आहे. आठवडाभर भात-आमटी आणि रविवारी मटणावर आडवा हात, याने भागत नाही. जास्तीचं प्रोटीन शरीर पुढच्या रविवारपर्यंत शिल्लक टाकत नाही, ते रोज लागतं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन. वजन ६० किलो असेल तर साधारण ५० ग्रॅम. जिम करणाऱ्याला थोडं जास्त लागतं, पण आधी हे तर गाठ!

सध्या एवढंच कर:

- सकाळी नुसते पोहे नकोत. सोबत दोन उकडलेली अंडी, म्हणजे १२ ग्रॅम झाले. पाळायच्या दिवशी मटकीची उसळ आणि वाटीभर दही.
- डाळ मूठभर आणि पाणी तांब्याभर, असली आमटी हिशेबात धरू नकोस. घट्ट वरण कर.
- सोयाबीनच्या वड्या. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रोटीन. गरम पाण्यात भिजव, दोनदा घट्ट पिळ, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परत. न पिळता टाकल्यास तर उग्र वास येतो आणि घरचे परत करू देत नाहीत.

नवखे लोक रश्शालाच प्रोटीन समजतात. ते फोडींत असतं, रश्शात बहुतेक पाणी आणि तेल. शेंगदाण्यांचंही तसंच, प्रोटीन आहे पण निम्मी चरबी. आणि पावडरचा डबा इतक्यात घेऊ नकोस. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचार.