वय ५१, एअर पिस्तुलाची फ्रंट साईट पुसट दिसते, खेळ सोडून द्यावा का?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझीच सहा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. १० मीटर एअर पिस्तूल, चार वर्षं हौसेने खेळताय, आणि आता फ्रंट साईटच्या (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उभ्या पट्टीच्या) कडा पुसट, टार्गेट मात्र छान स्वच्छ, म्हणून विचारताय सोडू का. अजिबात सोडू नका हो. २०२४ला पॅरिसमध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेचने मिक्स्ड टीमचं सिल्व्हर घेतलं तेव्हा तोही ५१चाच होता, साधा चष्मा लावून आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून. जॉर्जियाची नीनो सालुकवाद्झे १९८८ पासून दहा ऑलिम्पिक खेळली, तीही पिस्तुलातच. आता ती माणसं वेगळी, आपण रविवारचे शूटर, पण डोळा सगळ्यांचा एकाच पद्धतीने म्हातारा होतो.

झालंय काय तर साधी चाळिशी. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळच्या वस्तूवर फोकस आणायची त्याची ताकद कमी होते. टार्गेट १० मीटरवर, फ्रंट साईट हाताच्या टोकाला म्हणजे साधारण ८० सेंटिमीटरवर, आणि डोळ्याला एका वेळी एकच काहीतरी नीट दिसणार. पोरासोरांचा डोळा दोन्हीकडे इतका पटकन पळतो की त्यांना वाटतं दोन्ही दिसतंय. आपला आता टार्गेटवर जाऊन बसतो आणि परतच येत नाही.

मी इथेच एक अख्खं वर्ष घालवलं. ब्लॅक, म्हणजे टार्गेटच्या मधला काळा गोल, छान दिसतंय ना, मग त्याच्याकडेच बघू, असं करत राहिलो आणि ग्रूप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, नुसता पसरत गेला. कोच ओरडायचे, फ्रंट साईट बघा, फ्रंट साईट बघा, अहो पण दिसली तर बघणार ना! एकदा कागदावर हिशोब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझ्या पिस्तुलाच्या दोन साईट्समध्ये, म्हणजे पुढची फ्रंट साईट आणि मागची खाचेची रिअर साईट यांच्यात, ३२० मिलिमीटर अंतर आहे. फ्रंट साईट त्या खाचेत, म्हणजे नॉचमध्ये, एक मिलिमीटर बाजूला सरकली तर १० मीटरवर पेलेट (छर्रा) ३१ मिलिमीटर बाजूला, म्हणजे दहा गुणांच्या जागी सात. आणि साईट्स एका रेषेत ठेवून सगळा हातच एक मिलिमीटर हलला तर पेलेटही तेवढाच एक मिलिमीटर हलतो, काही बिघडत नाही. म्हणून टार्गेट धूसर दिसलं तर दिसू दे, फ्रंट साईटची कड चाकूसारखी पाहिजे.

त्यासाठी वाचायचा चष्मा लावू नका, मी लावून बघितलाय. माझा +२, तो पुस्तकाच्या अंतराचा, त्यातून टार्गेट म्हणजे नुसता काळपट ढग. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा-जवळचा सगळे नंबर, तर त्याहून वाईट, मी एका दुकानात दुकानदाराच्या आग्रहाने चांगले पैसे मोजून करून घेतला, पण त्यातली नेमकी जागा सापडायला मान वर-खाली करत बसावं लागतं, आणि आपण उभे तिरके, त्यामुळे नजर काचेच्या कोपऱ्यातून जाते. तो चष्मा आता ऑफिसात वापरतो.

शेवटी जमलं ते असं. रेंजवर पोझिशन घेऊन उभा राहिलो आणि मुलाला सुतळीने डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंतचं अंतर मोजायला लावलं. पिस्तूलच घेऊन चष्म्याच्या दुकानात निघालो होतो, बायको म्हणाली जा, उद्या पेपरात फोटो येईल. मग एका लाकडी पट्टीच्या टोकाला काळा पुठ्ठा साईटएवढाच कापून चिकटवला आणि ती पट्टी घेऊन गेलो. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून बघायच्या दुकानातल्या फ्रेममध्ये, आधी लांबचा नंबर टाकला, मग वर +०.५०, +०.७५, +१ असं एकेक करून बघितलं. पट्टी हातभर समोर धरायची आणि पलीकडे दुकानाच्या टोकाला लावलेला गोल बघायचा. +१ला पुठ्ठा मस्त पण गोल विरघळला, +०.७५ला पुठ्ठ्याची कड लख्ख आणि गोल करडा पण गोलच, तिथे थांबलो. बहुतेकांचं +०.५० ते +०.७५च्या आसपासच जमतं कारण तो साईट आणि टार्गेटच्या मधला समझोता असतो. सिलिंडर नंबर (तिरप्या दिसण्याचा, अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) असेल तर तो मात्र पूर्ण घाला, नाहीतर साईटला दुसरी सावली दिसत राहते. आणि काच सिंगल व्हिजनच, म्हणजे सगळीकडे एकच नंबर असलेली, कितीही आग्रह झाला तरी.

दुसरी गोष्ट आयरिस, म्हणजे चष्म्यासमोरचं बारीक भोक. भोक जितकं लहान तितकं जवळचं आणि लांबचं दोन्ही सुधारतं, पण उजेड कमी होतो, साधारण एक मिलिमीटरच्या खाली गेलात तर उलट सगळंच मंद. शूटिंगची फ्रेम महाग असते, आधी जुगाड करून बघा. जुन्या चष्म्यावर काळी इलेक्ट्रिकची टेप लावा आणि दाभणाने भोक पाडा. नेमकी जागा सापडेपर्यंत माझ्या तीन टेपा वाया गेल्या, कारण आरशासमोर सरळ उभं राहून खूण केली होती, ती पोझिशन घेऊनच करायची. फरक पटला तरच फ्रेमला पैसे घाला. हे सगळं चष्म्यावरच हं, पिस्तुलावर कुठलीही काच किंवा फिल्टर लावणं नियमात नाही.

दुसरा डोळा मिटू नका, मिटलेल्या डोळ्याचा ताण चालू डोळ्यावर येतो. त्यासमोर पांढरी अर्धपारदर्शक पट्टी लावा, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. रिअर नॉच थोडा रुंद करा, आपल्या वयाला साईटच्या दोन्ही बाजूला जरा जास्त उजेड लागतो. ब्लॅकच्या खाली पांढऱ्यात नेम धरत नसाल तर तेही सुरू करा, धूसर गोलाच्या मध्यापेक्षा त्याच्या खालची पांढरी जागा पकडणं सोपं जातं. आणि आठेक सेकंदात शॉट गेला नाही तर हात खाली, डोळे मिचकवा, परत. मी हट्टाने पंधरा-पंधरा सेकंद धरायचो, साईट पहिल्यांदा स्वच्छ आणि मग डोळ्यादेखत विरघळायची, आणि नेमका तेव्हाच ट्रिगर दाबला जायचा.

पण हे सगळं करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर कुठल्याच नंबरने कड स्वच्छ येत नाही आणि तुम्ही उगाच काचा बदलत बसाल. आमच्या रेंजवरच्या एका काकांचं तसंच झालं, दोन चष्मे झाले, नवीन पिस्तूलही झालं, आणि मग कळलं.