लोथलच्या संग्रहालयात नुसते मणीच आहेत म्हणतात, मग मुद्दाम जावं का?

जावंच. लोथल म्हणजे गुजरातमधलं सिंधू संस्कृतीचं प्राचीन बंदर. 'नुसते मणी' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझे वडील पटवेकरी. सराफाच्या ओट्यावर बसून, पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून जन्मभर काळे मणी गाठवले त्यांनी. माझ्या लग्नात थोरले दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "सोनं घडवणं ही कारागिरी. मणी काय, पोरसुद्धा ओवतं." वडील काही बोलले नाहीत. मला ते अजून लागतं.

लोथलला बरोबरचे सगळे गोदी बघायला गेले, मी कपाटापुढून हलले नाही. सोन्याचे मणी, मिलिमीटरहूनही बारीक. खसखस जाड वाटावी असे, आणि प्रत्येकाला भोक! चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते पाडलं, कुणीतरी त्यातून दोरा नेला. चष्मा लावून, फोनवर मोठं करून पाहिलं तेव्हा कुठे दिसलं.

अकीकाचे लाल मणी तर बघाच. मूळ दगड मळकट असतो, मंद आचेवर भाजला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो. भोक दोन्ही टोकांकडून पाडत आणून मधोमध मिळवायचं. जरा चुकलं की दगड तडकला. तोंडाशी धार राहिली तर दोरा कापला जातो. वडील मणी नखावर फिरवून ती धार ओळखायचे. सिंधू संस्कृतीचे असे लांब मणी थेट इराकमध्ये, उर या प्राचीन शहराच्या राजेशाही थडग्यांत सापडलेत. पोरखेळ असता तर तिथवर कुणी नेले असते?

पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९५५ पासून इथे उत्खनन केलं, त्यात मण्यांचा कारखानाच निघाला. मध्ये अंगण, भोवती खोल्या, भट्टी आणि अर्धवट राहिलेले मणी. तिथे थोडं थांबा. सोबत कुणी सोनार असेल तर त्या सोन्याच्या मण्यांपुढे त्याला उभं करा आणि विचारा, हे घडवलेस खरे, पण गळ्यात पडायला ओवणार कोण? दिरांना मी हेच विचारलं. ते अजून मान्य करत नाहीत.

हो, शिक्के मारायच्या मोहरा, वजनं, भांडीही आहेत तिथे. अहमदाबादहून साधारण ८० किलोमीटर, दिवसात होतं. शुक्रवारी बंद असतं. उन्हाळ्यात मात्र टाळा, अवशेषांवर सावली नाही.