बहिणीने अमेरिकेतून अर्ज केला तर ग्रीन कार्ड मिळायला किती वर्षं लागतात?

तुमचा प्रश्न वाचला. ताई अमेरिकेत सिटिझन झालीय, ती तुमच्यासाठी अर्ज भरायला तयार आहे, तुमचं वय 34, लग्न झालेलं, मुलगी पाच वर्षांची. किती वर्षं लागतील आणि तोपर्यंत तिकडे जाऊन राहता येईल का, असं विचारलंय. मी याच रस्त्याने आलेय. माझ्या दादाने माझा अर्ज ऑक्टोबर 2005 ला भरला आणि आम्हाला व्हिसा मिळाला 2024 ला. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं. तेव्हा मी तिशीत होते, आता पन्नाशी ओलांडलीय.

आधी सरळ उत्तर देते. तुम्ही आज अर्ज केलात तर वीस वर्षांच्या आत नंबर लागेल ही आशा धरू नका, त्याहून जास्तच धरा. आणि तोपर्यंत त्या अर्जाच्या जोरावर तिकडे राहता येत नाही की काम करता येत नाही. अर्ज म्हणजे फक्त रांगेतली जागा.

आता ही रांग एवढी लांब का ते सांगते, कारण मला हे कळायलाच दहा वर्षं लागली. भावंडांच्या कॅटेगरीला एफ-4 म्हणतात. सिटिझन असलेला आणि 21 पूर्ण झालेला भाऊ किंवा बहीणच हा अर्ज करू शकते, नुसतं ग्रीन कार्ड असून चालत नाही. यात सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला साधारण 65 हजार व्हिसा असतात, आणि त्या 65 हजारांत फक्त भावंडं नाहीत, त्यांचे नवरे, बायका, मुलं सगळी धरलेली असतात. म्हणजे तुमच्या एका अर्जामागे तीन जागा जाणार. त्यात परत कुठल्याही एका देशाला एकूण 7 टक्क्यांच्या वर द्यायचे नाहीत असा नियम आहे. आणि जगभरात या एका कॅटेगरीत थांबलेली माणसं वीस लाखांच्या वर आहेत. करा भागाकार. मला लागली एकोणीस वर्षं म्हणून तुम्हालाही एकोणीसच लागतील असं होत नाही, माझ्यामागे रांग वाढतच गेलीय.

आणि देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टचा नाही. माझ्या ओळखीत गोव्याचं एक कुटुंब आहे, पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलेला, त्यांना वाटायचं आपण आता युरोपच्या रांगेत. तसं नसतं, जन्म गोव्यात तर रांग भारताचीच. पण तुमच्या बायकोचा जन्म मस्कत, कुवेत असा कुठे झाला असेल तर मात्र नक्की बघा, तिच्या जन्माच्या देशाची रांग धरता येते.

दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन म्हणून एक तक्ता काढतं. तुमचा अर्ज तिकडे पोचला ती तारीख तुमची प्रायॉरिटी डेट, आणि तक्त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की तुमचा नंबर आला. आमच्या घरी हा तक्ता बघायचं काम ह्यांचं. दर महिन्यात एक दिवस चहा झाला की मोबाईल घेऊन बसायचे. आमची तारीख ऑक्टोबर 2005 आणि बुलेटिनमध्ये भारताची तारीख सप्टेंबर 2005 वर येऊन जी थांबली ती कितीतरी महिने हललीच नाही. एवढ्या जवळ येऊन. रोज देवाला दिवा लावताना माझ्या डोक्यात तेच असायचं, एक महिना पुढे सरक, एकच महिना.

आता मुलीचं सांगते, आणि हे तुम्ही नीट वाचा, कारण तुमची मुलगी पाच वर्षांची आहे आणि माझीही अर्ज भरला तेव्हा सात वर्षांची होती.

अर्जात मुलं येतात ती 21 च्या आतली आणि बिनलग्नाची. एवढी वर्षं लागतात म्हटल्यावर सगळीच मुलं 21 च्या पुढे जाणार, म्हणून 2002 साली तिकडे एक कायदा झाला, त्याने थोडी सूट मिळते. आपला आय-130 अर्ज, म्हणजे भावाने किंवा बहिणीने भरलेला हाच अर्ज, तिकडे दाखल झाल्यापासून मंजूर व्हायला जेवढा काळ गेला, तेवढा काळ मुलाच्या वयातून वजा करतात. नंबर लागतो त्या वेळचं वय घ्यायचं आणि त्यातून ते वजा करायचं. उत्तर 21 च्या आत आलं तर मूल तुमच्याबरोबर येतं, पण नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत पुढची कागदपत्रं भरायला लागतात. म्हणजे गंमत नाही, खरंच सांगते, अर्ज मंजूर व्हायला उशीर झाला तर तो मुलांच्या फायद्याचा असतो. आम्ही उलट 2009 च्या डिसेंबरमध्ये मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पेढे वाटले होते.

2024 उजाडलं, नंबर लागला. दादा व्हिडिओ कॉलवर, आम्ही चौघं डायनिंग टेबलाशी. लेक पुण्याहून शनिवार-रविवार घरी आलेली. तिनेच कालनिर्णयचं जुनं पान फाडून घेतलं आणि त्याच्या मागे वजाबाकी मांडली. वय 25 वर्षं 5 महिने. त्यातून 4 वर्षं 2 महिने वजा. उत्तर 21 वर्षं 3 महिने. तिने परत एकदा केली, मग पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, आई, तीन महिने. एवढंच म्हणाली. मुलगा तेव्हा वीसचा होता, तो आरामात बसत होता.

तीन महिने. आणि दादा सिटिझन झाला होता जानेवारी 2005 ला. अर्ज भरला ऑक्टोबरला. मधले नऊ महिने काही कारण नव्हतं हो, तो म्हणायचा भरू, मी म्हणायचे एवढी काय घाई आहे, वीस वर्षांचं काम आहे. तो अर्ज जानेवारीत गेला असता तर आमची तारीख कितीतरी आधी आली असती आणि माझी लेक आज माझ्याजवळ असती. दादाला मी यासाठी कधी एक शब्द बोलले नाही, बोलणारही नाही, घाई नाही असं मीच तर म्हणत होते. पण तुम्ही ताईला सांगा की या आठवड्यात फॉर्म भर. ऑनलाइन भरला तर सध्या 625 डॉलर फी आहे, कागदावर 675. पुढे जायचं की नाही ते वीस वर्षांनी ठरवा, रांगेतली जागा आज धरा.

जे मूल असं वयाने बाहेर पडतं त्याला आईबापाची जुनी तारीख मिळत नाही, त्यावर 2014 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. मी आता ग्रीन कार्डवर तिच्यासाठी नवीन अर्ज करू शकते पण त्यालाही बरीच वर्षं लागतात आणि मधे तिचं लग्न झालं तर तो अर्ज रद्द होतो. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. नातेवाईक म्हणतात थांबवा लग्न, अमेरिकेचं होऊ दे. मी नाही थांबवणार. एका रांगेत माझी एकोणीस वर्षं गेली, तिला दुसऱ्या रांगेत लग्नाशिवाय उभं करणार नाही. मी सिटिझन झाल्यावर लग्न झालेल्या मुलीसाठीही अर्ज करता येतो, त्याची रांग अजून लांब आहे, असू दे. म्हणून तुमच्या लेकीला लहानपणापासून आपण अमेरिकेला जाणार असं सांगून वाढवू नका. तिचं शिक्षण, तिचं सगळं इथलंच धरून चाला.

तिकडे जाऊन राहण्याबद्दल. फिरायला जायचा व्हिसा मिळू शकतो, पण अर्ज लावलेला असला की तो मिळणं जरा अवघड होतं, कारण तुमचा तिकडे राहायचा विचार आहे हे त्यांना कागदावरच दिसतं. त्या व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये स्पष्ट प्रश्न असतो, तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनचा अर्ज केलाय का. 2012 ला दादाकडे जायचं होतं तेव्हा आमच्या एजंटने सांगितलं नाही लिहा, कोण बघतंय. मी हो लिहिलं. व्हिसा नाकारला. चार वर्षांनी परत गेले, परत हो लिहिलं, तेव्हा मिळाला. खोटं लिहिलेलं सापडलं तर आयुष्यभराची बंदी येऊ शकते, मग वीस वर्षांची रांग पाण्यात. नोकरीचा एच-1बी व्हिसा मिळत असेल तर मात्र बिनधास्त घ्या, त्याला या अर्जाची आडकाठी नसते.

कागदपत्रांत माझा जीव गेला. ताई आणि तुम्ही एका आईची किंवा एका बापाची मुलं आहात हे दोघांच्या जन्मदाखल्यांवरून दाखवायचं असतं. ऐकायला सोपं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दादाची नोंद आईच्या माहेरच्या गावी ग्रामपंचायतीत, माझी नोंद कराडकडे. माझ्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा, नुसतं स्त्री आणि वडिलांचं नाव. आईचं नाव एका दाखल्यात माहेरचं, एकात सासरचं. आणि त्यावर कळस म्हणजे लग्नात माझं नाव बदललेलं. ताम्हणात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढा खाल्ला, आणि त्या दिवसापासून मी ती. दहावीचं सर्टिफिकेट जुन्या नावाचं, पासपोर्ट नव्या नावाचा, जन्मनोंद बिननावाची. तिकडच्या माणसाला ही तीन बायका दिसतात.

मग जुन्या नोंदींत नाव लावायला सरकारने मुदत दिली होती त्यात नाव लावून घेतलं, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले काढले, लग्नाची नोंदणी केलेली नव्हती ती केली, राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली, आणि काका आणि मावशीची प्रतिज्ञापत्रं केली. काका तेव्हा 81 वर्षांचे होते, तहसीलच्या बाहेर नोटरीच्या टेबलावर थरथरत्या हाताने सही केली त्यांनी. वर्षभरात गेले. म्हणून म्हणते, ही कामं नंबर लागल्यावर नाही, आत्ता करा, ज्यांना तुमचा जन्म आठवतो ती माणसं आहेत तोपर्यंत.

नंबर जवळ आला की नॅशनल व्हिसा सेंटरकडून कळवतात. तिथं माणशी 325 डॉलर आणि दादाच्या सपोर्टच्या कागदासाठी 120 डॉलर अशी फी आम्ही भरली. त्या कागदात ताईला तिचं उत्पन्न दाखवावं लागतं, तिच्या घरची माणसं अधिक तुम्ही तिघं अशा सगळ्यांच्या हिशोबाने तिकडच्या गरिबीरेषेच्या सव्वापट. कमी पडलं तर दुसरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जोडीला घेता येतो. पत्र आल्यावर वर्षभर काहीच उत्तर दिलं नाही तर केस बंद होऊ शकते, त्यामुळे पत्ता आणि ईमेल बदलला की कळवायचंच. दादाने तीन घरं बदलली, तिन्ही वेळा कळवलं. मुलाखत मुंबईला बीकेसीत, आधी मेडिकल आणि लसी, पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स. मुलाखत दहा मिनिटं पण झाली नाही. बाईने काकांचं प्रतिज्ञापत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं भाऊ शेवटचा कधी भेटला.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून. हा अर्ज ताईच्या हयातीवर अवलंबून असतो. मधे तिचं काही बरंवाईट झालं तर अर्ज आपोआप पडतो, माणुसकीच्या कारणाने परत उभा करायची विनंती करता येते पण ती त्यांच्या मर्जीवर.

इथं न्यू जर्सीत येऊन आम्हाला वर्ष होऊन गेलं. ह्यांनी चार वर्षं नोकरी शिल्लक असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी एका आपल्या लोकांच्या डे-केअरमध्ये मुलं सांभाळते. इथली पेन्शन मिळायला दहा वर्षांचं काम लागतं, वयाच्या 65 नंतरचा सरकारी मेडिकल इन्शुरन्स विकत घ्यायलाही आधी सलग पाच वर्षं राहायला लागतं, तोपर्यंत इन्शुरन्स आपला आपण. पन्नाशीत हे सगळं नव्याने करणं सोपं नाही, खोटं सांगत नाही. पण दादा वीस मिनिटांवर राहतो, रविवारी एकत्र जेवतो, आईच्या पद्धतीची आमटी दोघांनाच येते ती करतो. मुलगा कम्युनिटी कॉलेजला लागला. आणि रोज सकाळी सात वाजता लेकीचा फोन, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते.

तुम्ही एवढं करा, ताईचं सिटिझनशिपचं सर्टिफिकेट आणि तुमचे दोघांचे जन्मदाखले समोर घेऊन बसा आणि आईचं, वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. कुठे फरक असेल किंवा ताईचं नाव लग्नात बदललेलं असेल तर खाली लिहा, आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते.