सर्वांत कमी वेळ ‘शून्य’ कशी?

प्रश्न : धावण्याच्या स्पर्धेतील ४० स्पर्धकांची यादी मी एक्सेलमध्ये केली आहे. ‘ए’ रकान्यात नावे आणि ‘बी’ रकान्यात सेकंदांतील वेळ, अशा नोंदी दुसऱ्या ओळीपासून आहेत. सर्वांत कमी वेळ काढण्यासाठी =मिन(बी२:बी४१) हे सूत्र दिले, तर उत्तर ० येते. असे का होते? आणि विजेत्याचे नावही सूत्रानेच मिळू शकेल का?

उत्तर : आपले सूत्र बरोबर आहे, शंका घ्यायची ती नोंदींवर. (येथील सूत्रे देवनागरीत छापली असली, तरी ती संगणकावर इंग्रजी अक्षरांत व अंकांतच टाइप करावीत.) ‘मिन’ रिकाम्या सेल आणि मजकूर असलेल्या सेल सोडून देते, मात्र शून्य ही तिच्या लेखी संख्याच असते. त्यामुळे गैरहजर स्पर्धकापुढे ० लिहिले असेल, किंवा वेळा दुसऱ्या शीटवरून सूत्राने आणल्या असून तिथली एखादी सेल रिकामी असल्याने इथे ० उमटले असेल, तर तोच शून्य सर्वांत कमी ठरतो.

याहून फसवे कारण दुसरे आहे. दिलेल्या सेलमध्ये एकही संख्या सापडली नाही, तर ‘मिन’ चूक दाखवत नाही, सरळ ० देते. वेळ ‘१२.४ से.’ अशी एककासह टाइप केली की ती आपल्याला संख्या वाटते, पण एक्सेल तिला मजकूर समजते. सगळ्याच नोंदी तशा असतील तर उत्तर ० येईल आणि निदान संशय तरी येईल. दोन-चारच तशा असतील तर त्या मुकाट्याने वगळल्या जातील, आणि खरा विजेता त्यांतच असला तरी पत्ता लागणार नाही. म्हणून आधी =काउंट(बी२:बी४१) देऊन पाहावे. हे फंक्शन फक्त संख्या मोजते. सर्व ४० वेळा भरलेल्या असताना उत्तर ४० पेक्षा कमी आले, तर तेवढ्या नोंदी मजकूर आहेत असे समजावे. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने ‘से.’ आणि त्याआधीची मोकळी जागा काढून टाकावी. एकक दिसायलाच हवे असेल, तर ते सेलच्या ‘कस्टम’ नंबर फॉरमॅटमध्ये द्यावे, म्हणजे आतली संख्या संख्याच राहते.

शून्ये वगळण्यासाठी =मिनइफ्स(बी२:बी४१,बी२:बी४१,">०") हे सूत्र वापरावे. हे फंक्शन एक्सेल २०१९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत आहे, गूगल शीट्समध्येही आहे. जुन्या आवृत्तीत =मिन(इफ(बी२:बी४१>०,बी२:बी४१)) लिहून नुसते एंटर न दाबता कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावे लागते. माझ्या मते मात्र गैरहजर स्पर्धकाची सेल रिकामीच ठेवणे किंवा तिथे ‘गैरहजर’ असे लिहिणे जास्त चांगले. मग साधे ‘मिन’ पुरते, आणि जो धावलाच नाही त्याने शून्य सेकंद घेतले अशी नोंदही राहत नाही.

नावासाठी, किमान वेळ ‘डी१’ या सेलमध्ये काढली आहे असे धरून, =इंडेक्स(ए२:ए४१,मॅच(डी१,बी२:बी४१,०)) हे सूत्र द्यावे. ‘मॅच’ ती वेळ कितव्या जागी आहे ते शोधते आणि ‘इंडेक्स’ त्याच जागेवरचे नाव देते. ‘मॅच’मधला शेवटचा ० विसरू नये, तो नसेल तर एक्सेल रकाना चढत्या क्रमाने लावलेला आहे असे गृहीत धरून शोधते आणि भलतेच नाव देऊ शकते. दोघांची वेळ सारखी असेल तर या सूत्राने यादीतले पहिलेच नाव मिळते. एक्सेल २०२१ किंवा त्यापुढील आवृत्ती असल्यास =फिल्टर(ए२:ए४१,बी२:बी४१=डी१) दिल्यावर बरोबरीत आलेल्या सर्वांची नावे एकाखाली एक येतात; त्यासाठी खालच्या सेल तेवढ्या मोकळ्या असाव्यात.