शुगर नॉर्मल, तरी डायबेटीसची गोळी?

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुली समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न कधी थेट, कधी आडून येतोच: ‘मला डायबेटीस नाही, मग मेटफॉर्मिनची ही गोळी का? आणि हिने मूल व्हायला अडचण तर येणार नाही ना?’ अशाच एका मुलीची ही हकीकत. तिची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.

लग्न झालेलं, वय तिशीच्या आत, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायची. मूल हवं होतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं. सुरुवातीला मळमळ झाली, जुलाब झाले. त्यात ‘मधुमेहावरचं औषध’ असं कुठेतरी वाचलं आणि तिने गोळ्या बंदच केल्या. घरी बोलायची सोय नव्हती. इतक्या लवकर डायबेटीस झाला, असं सासूबाईंना वाटेल ही धास्ती. डॉक्टरांना मात्र गोळ्या चालू असल्याचं सांगत होती.

अशा वेळी रागावून काही साधत नाही, हे माझं ठाम मत आहे. तिला कारण कळायला हवं होतं. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीराला इन्सुलिन पुरेसं लागू पडत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं. त्यामुळे साखर नॉर्मल दिसते. पण वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशयात अँड्रोजेन ही (पुरुषी म्हणून ओळखली जाणारी) संप्रेरकं जास्त तयार होतात. बीजकोष, म्हणजे अंडाशयातल्या बीज असलेल्या छोट्या पिशव्या, वाढू लागतात आणि मध्येच अडतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठीं’ना ती घाबरली होती, त्या म्हणजे हेच अर्धवट वाढलेले बीजकोष. मेटफॉर्मिनमुळे इन्सुलिनची पातळी उतरते आणि काही जणींमध्ये बीज बाहेर पडायला लागतं. त्याने गर्भाशयाला इजा होत नाही.

‘म्हणजे या गोळीने दिवस राहतील?’ तिने लगेच विचारलं. इथे खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या 626 स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी सुमारे 7 टक्के जणींना मूल झालं, तर क्लोमिफीन (बीज तयार होण्यासाठीचं औषध) घेणाऱ्यांपैकी सुमारे 22 टक्के जणींना. पुढे 2014 च्या अभ्यासात लेट्रोझोल क्लोमिफीनपेक्षा सरस ठरलं, आणि आज बीज तयार होण्यासाठी साधारणपणे तेच आधी दिलं जातं. मेटफॉर्मिनची मदत खरी आहे; पण मूल हवं असताना बहुतेकींना तेवढ्यावर थांबून चालत नाही. (मूल नको असेल तिनेही एक ध्यानात ठेवावं: पाळी अनियमित असली तरी या गोळीने बीज सुटू लागलं, तर दिवस राहू शकतात.)

मग डॉक्टरांना खरं सांगायचं ठरलं. गोळी पोटात जातच नसताना ‘हिला मेटफॉर्मिन लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघाला असता आणि पुढचे उपचार त्यावर ठरले असते. डॉक्टर रागावले नाहीत. जेवणासोबत 500 मिलिग्रॅमपासून सुरुवात, हळूहळू वाढ, आणि औषध सावकाश सुटणारी गोळी, एवढ्या बदलाने पोटाचा त्रास आवाक्यात आला. काही महिन्यांत पाळीतलं अंतर कमी झालं आणि लेट्रोझोलचं ठरलं. नवऱ्याची वीर्यतपासणी तोवर कुणी सुचवलीच नव्हती. तो विषय मी तिला आवर्जून डॉक्टरांकडे काढायला लावला. पाळी बिघडलेली दिसली की सगळा दोष बाईच्या पदरात टाकला जातो, याचा मला अजूनही संताप येतो.

शेवटच्या भेटीत तिने वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारलं. ते इंजेक्शन म्हणजे सेमाग्लुटाईड. तेही मुळात मधुमेहाचंच औषध, पण त्याचा नियम वेगळा: गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने ते बंद करावं लागतं. मेटफॉर्मिन मात्र दिवस राहिल्यावर चालू ठेवायचं की थांबवायचं, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. चाचणी पॉझिटिव्ह आली की स्वतःहून काही बदलू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, असं तिला सांगितलं.